पसंतीक्रम

"कोल्हापूर खोड," दादासाहेब म्हणाले.

उत्कर्षाने माउसवरचा हात काढला नाही. लॉ कॉलेजांच्या पसंतीक्रमात तिने कोल्हापूर पहिलं टाकलं होतं, आणि भरायचा आज शेवटचा दिवस होता. तिच्या मागे वडील, शेखर, उभे होते. चाकणच्या कंपनीतून नुकतेच आलेले, युनिफॉर्म अंगातच. सोफ्यावर थोरले चुलते. त्यांना घरात सगळे दादासाहेबच म्हणत, सख्खा भाऊसुद्धा.

"हितलं आपल्या वळखीचं कॉलेज टाक. हजेरीचं मी बोलतो. घरी ऱ्हायचं, परीक्षेपुरतं जायचं. मोशीत एवढे प्लॉट हायेत आपले. कागदं बघायला घरचा वकील नको व्हय?"

"मला शिकायचंय. घरी बसून नाही."

"मग मार्क आणायचे होते," शेखर म्हणाले. "पुण्यात चांगलं कॉलेज मिळालं असतं तर मी अडवलं असतं का?"

मार्क. तळवड्याच्या सेंटरवर प्रवेशपरीक्षेचा पेपर निम्म्यात असताना तिचा स्क्रीन काळा पडला होता. परत सुरू झाला तोवर वेळ निघून गेलेली. तिने हात वर केला. "बसा खाली, बाकीच्यांना डिस्टर्ब होतंय," पर्यवेक्षक तिच्याकडे न बघताच म्हणाला, आणि ती बसली. निकाल लागल्यापासून ते बसणंच तिला खात होतं.

शेखरना हे माहीत होतं. तरी बोलले.

"तिथं मशीन बंद पडलं तर तोंड उघडलं नाहीस. कोर्टात काय बोलणार आहेस?"

उत्कर्षाचे कान तापले. ती इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"नाही उघडलं! कुणी शिकवलं मला तोंड उघडायला? दादासाहेब बसलेत, हळू बोल. दादासाहेब बसलेत, आत जा. कळायला लागल्यापासून हेच ऐकतेय. तिथं समोर टाय लावलेला एक साधा माणूस होता, बाबा. मला दादासाहेबच दिसले!"

"उत्कर्षा! कुणापुढं बोलतेयस?" शेखर ओरडले.

"ओरडा. कोल्हापूर राहणार."

तिने वाकून बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. पसंतीक्रम कायम झाला, आता बदल करता येणार नाही.

शेखरनी माउस हिसकावला. इकडे दाबून बघितलं, तिकडे दाबून बघितलं. पट्टी हटेना.

दादासाहेब मात्र हसले. "ऱ्हाऊ दे शेखर. नंबर लागला तरी कोल्हापूरला न्हेतंय कोण तिला?"

"मी न्हेती की."

स्वयंपाकघराच्या दारात इंद्रायणीआत्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. या दोघांची एकुलती बहीण. सकाळपासून आत पोळ्या लाटत होती. हॉलमध्ये भावांसमोर ती कधी बसल्याचं उत्कर्षाला आठवत नव्हतं. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि पदराला हात पुसले.

"उत्कर्षा, एक इचारू? बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून सही दिलेली असली, तर ती माघारी घेता येती का गं? हे शिकवत्यात का तिथं?"

दादासाहेबांचा कपाकडे गेलेला हात मध्येच थांबला. शेखर स्क्रीनकडेच बघत राहिले.

"इंदे," दादासाहेब म्हणाले, "आत जा."

आत्या हलली नाही.

उत्कर्षाने खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली.

"बस आत्या. आधी मला सांग, सही तू केलीस, की तुझ्याकडून करून घेतली?"