हात धरून बसा

"काका, काकूंचा हात धरा आणि नुसते बसा," विमा कंपनीच्या तपासणी खोलीतली रेश्मा म्हणाली.

दिगंबरने बायकोचा हात धरला. कुंदाच्या मनगटावर पट्टी होती आणि तिच्या शरीरातला ताण पडद्यावर रेषेसारखा सरकत होता. जोडीदार असलेले रुग्ण कॅन्सरमधून जास्त वाचतात, म्हणून महागडं औषध कंपनी त्यांनाच द्यायची. पण आता नुसतं लग्न पुरत नव्हतं. जोडीदाराच्या स्पर्शाने रेषा खाली यावी लागे.

रेषा चढतच गेली.

"अगं, सैल बस ना जरा!" तो खेकसला. रेषा आणखी चढली.

"घाबरल्यात त्या. काका, पाणी आणता का त्यांच्यासाठी?"

पाणी घेऊन परतताना दाराच्या काचेतून त्याला पडदा दिसला. रेषा अगदी तळाशी, संथ चालली होती. कुंदा डोळे मिटून निवांत बसली होती. त्याने दार ढकललं. तिने दचकून पदर सावरला आणि रेषा उसळून वर गेली.

कुंदाने त्याचा चेहरा पाहिला. "तुझं मशीन बिघडलंय गं," ती घाईघाईने रेश्माला म्हणाली. "हे काही तसे नाहीत."

माहेरीही ती हेच सांगायची. आजवर त्याला ते खरंच वाटत आलं होतं.

"मी बाहेर थांबलो," त्याने मान खाली घालून विचारलं, "तर औषध मिळेल का हिला?"

"नाही काका," रेश्मा हळूच म्हणाली. "हात तुमचाच लागतो."