मधली सात वर्षं

खरं बोलल्यानंच माणूस मोकळा होतो, असं सुटलेल्या कैद्यांना कामाला लावणाऱ्या संस्थेच्या ताई ठासून सांगायच्या. तो तर शिक्षा संपल्यावरच सुटला होता. नोकरी लागली तरच बायको माहेराहून परतणार होती. म्हणून मुलाखतीच्या सरावासाठी ताई महिनाभर लाँड्रीचा मालक होऊन, चष्म्यावरून बघत विचारायच्या, "मधली सात वर्षं कुठे होता?" उत्तर तोंडपाठ झालं. मुलाखतीत खऱ्या मालकांनी मात्र शाईचे डाग कसे काढता एवढंच विचारलं आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. तो खुर्चीत चुळबुळत राहिला. "कळवतो," मालक म्हणाले. तो दारापर्यंत गेला, परत फिरला. "साहेब, मधल्या सात वर्षांचं विचारलंच नाहीत तुम्ही!" "बरं, सांगा." चोरीपासून सुटकेपर्यंत त्यानं सगळं एका दमात सांगितलं. मालकांनी मन लावून ऐकलं. वीज गेल्यामुळे मशिनं बंद होती, आणि जागा कालच भरली होती.