बाबाची पाटी

दुधावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे भार्गवी भानावर आली. खोट्या केसमधून तिचा नवरा शंतनु निर्दोष सुटला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. पण त्याचं नाव शोधलं की अटकेच्या दिवशी पोलिसांनी काढलेला फोटोच नेटवर सगळ्यात वर यायचा. लांब बनशंकरी भागात घर बदलून झालं, चार ठिकाणच्या नोकऱ्या हुकल्या. फोटो काढून टाकायच्या अर्जावर आज पुन्हा तेच उत्तर आलं होतं, की नोंद सार्वजनिक आहे, काढता येणार नाही.

“ईराला तेवढं कळायला नको गं,” शंतनु खालमानेने म्हणाला.

“तिला कुठे वाचता येतंय अजून? शाळेत जायला लागून महिना नाही झाला,” भार्गवीने त्याची समजूत घातली. फ्रिजवर ईराचा शाळेच्या पहिल्या दिवशीचा फोटो लावलेला होता. छातीशी पाटी, पाटीवर नाव आणि तारीख, आणि खुदकन हसणारी ती.

एवढ्यात ईरा आईचा फोन घेऊन धावत आली. कार्टून बोलून कसं शोधायचं ते शेजारच्या अक्कांनी शिकवलं होतं, तसं आज तिने फोनला बाबाचं नाव सांगून पाहिलं होतं.

“आई, बघ ना, बाबाच्या हातात पण माझ्यासारखी पाटी आहे.”

भार्गवीने फोन घ्यायला हात पुढे केला.

“माझ्या फोटोच्या वेळी तू ‘हस, हस’ म्हणत होतीस. बाबाला कुणीच ‘हस’ म्हणालं नाही का गं?”