जमनीबाईचे जवाब

दिग्रसहून ऑटो निघाला तेव्हापासून अर्पिता मोबाईलवर जमनीबाईचे जवाब वाचत होती. एखादा नापास झालेला पोरगा रडगाणं लिहायचा, की खाली बाई हजर. ‘बापू, आधी दोन घास खा. मंग पोटभर रड.’

काय बाई होती! अर्पिताच्या कंपनीने कुणाला न विचारता हजारो माणसांच्या मोबाईलवर हसऱ्या पोस्टी लपवून नुसत्या दुःखाच्या सोडल्या होत्या. माणूस किती खचतो, ते बघायला. बहुतेक खचले. जमनीबाईसुद्धा मध्ये गप्प झाली होती. पण परतली ती दुप्पट माया घेऊन. साहेब लोक खूश झाले. माणूस आपोआप सावरतो म्हणाले, आता हा प्रयोग सगळ्यांवरच लावू.

प्रयोग मांडला होता अर्पितानेच. जमनीबाई धडधाकट दिसली, तर अर्पिताच्या जिवाला शांतता मिळणार होती. म्हणून तर ती पुण्याहून एवढी मजल मारून आली.

बंजाऱ्यांच्या तांड्याच्या तोंडाशी रूपसिंग नावाचा म्हातारा दोरी वळत बसला होता. ‘‘जमनीचं घर? ते, निळ्या दाराचं,’’ एवढं बोलून त्याने मान खाली घातली.

ओसरीत चाळिशीची एक बाई मोबाईलवर टाईप करत होती. अर्पिताने वाकून पाहिलं. तेच अकाउंट.

‘‘जमनीबाई?’’

बाईने तिला नीट न्याहाळलं. ‘‘लांबून आली तू. आधी जेव, मंग बोलू.’’

‘‘अहो, मला फक्त...’’

‘‘आमच्या तांड्यात उपाशी पाहुण्याले काही सांगत नाहीत.’’

ज्वारीची भाकर आणि झणझणीत ठेचा समोर आला. अर्पिताच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते काही नुसत्या ठेच्याने नव्हे. जगाचं दुःख झेलून ही बाई वर लोकांना जेवू घालते. धन्य आहे! तिला राहवलं नाही. हात धुण्याआधीच तिने सगळं सांगून टाकलं.

‘‘चूक झाली आमची. तुम्ही मात्र पुरून उरलात.’’

बाईने मोबाईल पुन्हा हातात घेतला.

‘‘म्हंजे हसणारे लोकबी होते मोबाईलात?’’

‘‘होते. आम्ही लपवले.’’

‘‘काहून?’’

कारण सांगायचं सोडून अर्पिताने ताट पुढे सरकवलं. बाईने तिच्या हातावर पाणी घातलं, ताट उचलून बाजूला ठेवलं.

‘‘झालं ना पोटभर? आता आयक. माहं नाव मानी. जमनी माही जाऊ. तिले वाटे, साऱ्या दुनियेचंच वाटोळं झालं. त्या दुःखानं तिनं अन्न सोडलं, अन् गेली. लोकं तर तिच्यामागंबी मोबाईलात रडूनच राह्यले होते, म्हून तिच्या मोबाईलवर मीच जवाब देऊन राह्यली.’’