मदतफेरी

गोंदियातल्या एका मंडळाने अनाथाश्रमाच्या मदतीसाठी मोटारफेरी ठेवली. लोकांनी तिकीट काढायचं, गाडीवाल्यांनी शहरभर फिरवून आणायचं. संघदीपनेही आपली सेकंडहँड मारुती धुऊनपुसून रांगेत लावली. बायको अल्का सोबत आली. एक आजी नातवाला घेऊन हौसेने मागे बसली. समोर डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा फोटो दिसला, तशी उतरून दुसऱ्या गाडीत गेली. तिचं पाहून बाकीचेही टाळू लागले. आयोजक हळूच म्हणाला, "भैया, आजच्यापुरता फोटो काढून ठेवा ना." "काऊन?" संघदीपने विचारलं. तो पुढच्या गाडीकडे वळला. संध्याकाळी मात्र हसत परतला. "तुमची गाडी रिकामीच आहे, मंडपातल्या खुर्च्या तेवढ्या पोचवून द्या." संघदीप मागचं दार उघडू लागला. अल्काने ते लावलं आणि स्वतः पुढे बसली. "चला, मले फिरवून आना." गाडी मंडपापासून दूर गेल्यावरच ती रडली.