तिसऱ्या मजल्यावरची सभासद

“हा शेवटचा उद्देश काढून टाकू,” औषधांचा दुकानदार म्हणाला. “नुसता वाचायला बरा वाटतो.”

विभागीय योगसंघाच्या उद्देशांचा फेरविचार सकाळपासून चालला होता. शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांमध्ये गुडघे कसेबसे कोंबून बसलेले सभासद आता चहाची वाट बघत होते. शेवटचा उद्देश योग शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः लिहिलेला: जे वर्गाला येऊ शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत योग पोचवणे.

“आजवर पोचला का कुणापर्यंत?” दुकानदाराने विचारलं. त्याच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. म्हणूनच ते बाईंना जास्त लागलं.

“पोचलाय,” त्या म्हणाल्या. “मैदानासमोरच्या इमारतीत. तिसऱ्या मजल्यावर.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती खिडकी कुणाला ठाऊक नव्हती? सकाळी मैदानात वर्ग सुरू झाला, की बंद काचेमागे एक वयस्कर बाई येऊन उभी राहायची आणि दोन्ही हात वर करायची.

“तिला घाई फार,” अध्यक्ष म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. घाई त्यांना कुणाचीच खपत नसे.

“सुरुवातीला होती. मी खालून सावकाश करून दाखवायचे. आता बघा, हात किती हळू उठतात. परवा तर तळवे काचेला टेकवून कितीतरी वेळ स्थिर उभ्या होत्या. हे कुणी शिकवलं त्यांना?”

यजमान गेल्यावर बाईंनी वर्ग बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं. अंथरुणातून उठावंसंच वाटत नसे. पण ती खिडकी वाट बघत असेल, या एका विचाराने त्या रोज उठत राहिल्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही.

दुकानदाराने हात जोडले. “हरलो. राहू द्या उद्देश. पण मग त्यांना रीतसर सभासद करून घेऊ की. आत्ताच जाऊ.”

बाई, दुकानदार आणि अध्यक्ष असे तिघंच निघाले. जिना चढताना बाईंना धाप लागली, तसा दुकानदार म्हणाला, “प्राणायाम शिकवता ना आम्हाला?” आणि त्यांची पिशवी स्वतःकडे घेतली. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या हसत होत्या.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

“गेल्या असतील कुठेतरी,” अध्यक्ष म्हणाले. “संध्याकाळी येऊ.”

बाईंचा पाय निघेना. त्यांनी उगाचच कडी वाजवली. “आम्ही खालच्या मैदानातले,” त्या दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या. “योगसंघाचे. तुम्ही रोज आमच्याबरोबर करता ना, म्हणून भेटायला आलो.”

आत काहीतरी सरकलं. पावलं फरपटत दाराशी आली आणि थांबली.

“मुलगा कोंडून जातो,” आतून आवाज आला. “दिवस दिवस फिरकत नाही. खिडकीही उघडत नाही.”

दुकानदाराने कुलूप ओढून बघितलं.

“मी रोज तुम्हाला हात करत होते, बाई. वर या म्हणून. आणि तुम्ही सगळे नुसते हात वर करायचात.”