सात थापा

आमच्या रॉक बँडची एकुलती एक रेकॉर्ड निघाली, तेव्हा तिला कुत्रंही विचारत नव्हतं. 'भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं संगीत' असं एकानं छापलंसुद्धा. मी मुकाट्यानं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता तीस वर्षांनी तीच रेकॉर्ड पोरांनी डोक्यावर घेतलीय.

परवा एकजण माझा पत्ता काढत दुकानात आला. दंडावर गोंदलेले सात ठिपके दाखवत म्हणाला, "काका, शेवटच्या गाण्यात तुमचा ड्रम थांबतो आणि लांबून दारावर सात थापा ऐकू येतात ना, त्या या! दर वेळी अंगावर काटा येतो. सुचलं कसं हो?"

"सुचलं नाही. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की देव आला तरी दार उघडायचं नाही, असा माझाच नियम होता. बाहेरून कुणीतरी ठोठावलं, ते टेपवर आलं."

"कमाल! पण मग सातच का?"

मी उघडलेल्या मिक्सरमध्ये पुन्हा डोकं घातलं.

आई शेवटच्या घटका मोजत मला बोलावतेय, हे सांगायला आलेला माझा धाकटा भाऊ सातव्या थापेनंतर एकटाच इस्पितळात परत गेला होता.